दुकान एक, तराजूही दुकानदाराचाच

वाण्याच्या दुकानातील तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने सरकारी वैधमापन यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागतात व त्यांवर तिची मोहोर असावी लागते. मोहोर असूनही वजनाविषयी शंका आलीच, तर गिऱ्हाईक उद्यापासून समोरच्या दुकानात जाऊ शकते. व्यवहारातील प्रामाणिकपणा टिकतो तो या दुहेरी धाकामुळे. घरात येणाऱ्या विजेच्या बाबतीत मात्र यांतील एकही धाक पुरेसा शिल्लक नाही. मीटरवर भारतीय मानकाची खूण असते, हे खरे. परंतु तो मीटर निवडतो पुरवठादार, बसवितो पुरवठादार, त्यावरील आकडा वाचून देयक काढतो पुरवठादार आणि शंका उपस्थित झालीच तर प्रथम तपासतोही पुरवठादारच. वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत घरगुती ग्राहकाला महावितरणखेरीज दुसरे दुकान नाही. अशा परिस्थितीत जुना मीटर काढून त्या जागी ‘स्मार्ट’ म्हणविला जाणारा मीटर बसविला जातो, तेव्हा ग्राहकाच्या मनात उठणारी शंका अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही.

इतरत्र परिस्थिती वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००८ मधील निकाल आणि राज्य वीज नियामक आयोगाचा ऑक्टोबर २००९ मधील आदेश यांनंतर मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकांना दोन खासगी कंपन्यांपैकी एकीची निवड करण्याची मुभा मिळाली आणि अनेकांनी केवळ दरांची तुलना करून पुरवठादार बदललाही. ब्रिटनमध्ये तर दरपत्रके शेजारी शेजारी मांडून, इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचून पुरवठादार निवडणे हा गृहकृत्याचाच एक भाग होऊन बसला आहे. यवतमाळच्या गृहिणीला अशी तुलना करावयाची झाली, तर ती कोणाची कोणाशी करावी? तिच्या हाती उरते ती एवढीच तुलना: या महिन्याच्या देयकाची मागच्या महिन्याच्या देयकाशी, नव्या मीटरची जुन्या मीटरशी आणि दिलेल्या आश्वासनाची प्रत्यक्ष वागणुकीशी. ही तुलना करण्याची साधने तिला मिळतात की नाही, यावरच या नव्या मीटरचे बरेवाईटपण ठरणार आहे.

प्रथम देयकाचाच विचार करावा. मीटर पळतो, ही तक्रार जेवढी मीटरची असते तेवढीच ती दरांच्या रचनेचीही असते. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्यांचे आहेत. २०२४-२५ या वर्षासाठी मंजूर झालेल्या दरांनुसार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे असा दर होता. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, दरमहा १२८ रुपये स्थिर आकार आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. आता एखाद्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घराचे उदाहरण घ्यावे. हिवाळ्यात महिन्याला ९० युनिट वीज लागणाऱ्या या घराचे देयक इंधन समायोजन आकार वगळून सुमारे ७६२ रुपये होते. एप्रिलमध्ये दोनशे वॅटचा एक कूलर दिवसाचे बारा तास चालू लागला की महिन्याला ७२ युनिटांची भर पडते. वापर १६२ युनिटांवर जातो आणि देयक सुमारे १,६५५ रुपयांवर. युनिट वाढले ऐंशी टक्क्यांनी आणि रक्कम मात्र दुपटीच्याही पुढे गेली. कारण वाढीव युनिटांपैकी बहुतेक सर्व दुपटीहून महाग असलेल्या वरच्या टप्प्यात मोजले गेले. यवतमाळच्या उन्हाळ्यात कूलर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. त्याच सुमारास घरचा मीटर बदलला गेला असेल, तर दोष नव्या मीटरच्या माथी मारला जाणे स्वाभाविकच ठरते.

याचा अर्थ नवे मीटर निर्दोष आहेत, असा नव्हे. ग्राहकाला देयकाची घडण समजावून सांगण्याची जबाबदारी पुरवठादाराने कधी मनावर घेतली नाही, असा त्याचा अर्थ आहे. देयकाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. परंतु अमुक युनिटांनंतर दर दुप्पट होतो, हे ठळक शब्दांत सांगणारे एक वाक्य ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडले असते. दर ठरविण्याच्या प्रक्रियेतही सामान्य माणसाला थांग लागू नये अशीच स्थिती अलीकडे दिसली. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने पाच वर्षांसाठीचा दर-आदेश दिला. महावितरणच्या विनंतीवरून २ एप्रिलला त्यास स्थगिती मिळाली आणि २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश निघाला. या फेरविचारापूर्वी जाहीर सुनावणी झाली नाही, अशी तक्रार ग्राहक व उद्योग यांच्या संघटनांनी केली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तीन महिन्यांत तीनदा ज्याचे रूप पालटते, ते दरपत्रक समजून घेण्याचा धीर घाटंजीच्या ग्राहकाने कोठून आणावा?

आता मीटरकडे वळावे. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१९ मध्ये मीटरविषयक नियम बदलले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीज वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशभरात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कामे चार कंपन्यांकडे सोपविली. एकूण रक्कम सुमारे २७ हजार कोटी रुपये. अमरावती परिमंडळाचे, म्हणजेच यवतमाळ जिल्ह्याचेही, काम जीनस पॉवर या कंपनीच्या वाट्याला आले.

मीटर मोफत बसवून मिळेल, ग्राहकाकडून एक पैसाही घेतला जाणार नाही, असे सांगण्यात येते. दारात आलेला कर्मचारी पैसे मागत नाही, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु हिशेब पाटी-पेन्सिलीवरही करता येण्याजोगा आहे. २७ हजार कोटींना सव्वादोन कोटींनी भागले, की मीटर, संदेशवहन आणि काही वर्षांची देखभाल मिळून एका मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये पडतात. महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये, आणि मुदतीआधी काम केल्यास आणखी थोडे. उरलेले ११ हजारांहून अधिक रुपये दहा वर्षांत विभागले, तर दरमहा नव्वद रुपयांच्या वर जातात. ही रक्कम देयकात स्वतंत्र ओळ होऊन येणार नाही. ती महावितरणच्या खर्चात मिळेल आणि खर्च दरांत उतरेल. मीटर वाचण्याचा खर्च वाचेल, गळती कमी होईल आणि त्या बचतीतून हा भार भरून निघेल, असा सरकारी युक्तिवाद आहे. तो अशक्य नाही. मात्र ती बचत किती झाली आणि दरांत किती उतरली, याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध झाला पाहिजे. तो नसेल तर ‘मोफत’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले जाणार नाहीत, असे जाहीर केले. राज्यभर उठलेल्या विरोधाचा तो परिणाम होता. पुढे तेच तंत्र ‘टीओडी मीटर’ या नावाने घरोघर पोहोचू लागले. आधी पैसे भरण्याची अट तेवढी वगळली गेली. देयक पूर्वीप्रमाणेच वापरानंतर येते, हा दिलासा लहान नाही. परंतु एकच यंत्र एका नावाने नाकारावे आणि दुसऱ्या नावाने बसवावे, यामुळे लोकांच्या मनातील संशय वाढतो. यंत्र उपयुक्त असेल तर ते त्याच्या खऱ्या नावानिशी आणि त्यात कोणकोणत्या सोयी दडलेल्या आहेत ते सांगूनच बसवावे. दूरवरून पुरवठा तोडण्याची आणि एखाद्या दिवशी प्रीपेडवर नेण्याची क्षमता या मीटरमध्ये आहे. ती वापरली जाणार नसेल, तर तसे लेखी बंधन असावे.

प्रीपेडचा प्रश्न या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ सोयीचा नाही. यवतमाळचे अर्थकारण कापूस आणि सोयाबीन यांच्या हंगामावर चालते. पैसा हाती येतो तो सोयाबीन विकल्यावर व कापसाचे चुकारे झाल्यावर, आणि सावकार, बँक, कृषी केंद्र यांची देणी भागवून जे उरेल तेवढाच. जून-जुलैत पेरणीच्या तोंडावर घर रिकामे असते. ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो, त्यांना शिल्लक संपल्याचा संदेश हा किरकोळ त्रास वाटेल. झरी-जामणीच्या पोडावरील कोलाम कुटुंबाला मात्र तो अंधाराचा हुकूम ठरेल. वीज कायदा २००३ च्या ५६ व्या कलमानुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. गरिबाला या पंधरा दिवसांत उसनवारी करण्याची, हप्ते मागण्याची, चूक दाखवून देण्याची सवड मिळते. शिल्लक शून्यावर येताच आपोआप बंद पडणारा मीटर ही सवडच काढून घेतो. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही थकबाकीदारांचे मीटर सक्तीने, प्रसंगी दूरवरूनच, प्रीपेडवर नेले गेल्याने एवढा गहजब झाला, की तेथील नियामक संस्थेला फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सक्ती थांबवावी लागली. तेथे तर ग्राहकाला निवडीसाठी अनेक पुरवठादार होते.

नव्या मीटरच्या बाजूने सांगितला जाणारा मोठा लाभ म्हणजे दिवसाच्या विजेवरील सवलत. सौरऊर्जेमुळे दिवसा वीज स्वस्त पडते, म्हणून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे क्रमाने १ रुपयापर्यंत सवलत जुलै २०२५ पासून जाहीर झाली. कल्पना चांगली आहे. पण ती कोणाच्या पदरात किती पडते? महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराने त्यांतील ४० युनिट या वेळेत वापरले, तर ८० पैशांच्या दराने ३२ रुपये वाचतात. शिक्षक शाळेत, कारकून कचेरीत आणि मुले महाविद्यालयात असताना घरात पंखा तरी किती फिरणार? दिवे, दूरचित्रवाणी, विद्यार्थ्यांचा अभ्यास, रात्रीचा कूलर हा सारा वापर सायंकाळनंतरचा. पाण्याचा पंप आणि धुलाईयंत्र दुपारी लावता येईल, एवढाच काय तो बदल. सवलत स्वागतार्ह आहे. मात्र ३२ रुपये एका बाजूस आणि मीटरमागचे नव्वद रुपये दुसऱ्या बाजूस मांडून ग्राहकाने आपला निष्कर्ष काढावा, हे बरे.

महावितरणची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. वर्षानुवर्षे मीटर न वाचता सरासरीने दिली गेलेली देयके, आकडे टाकून होणारी चोरी, डोंगराएवढी थकबाकी हे रोग खरे आहेत आणि त्यांची किंमत प्रामाणिक ग्राहकानेच मोजली आहे. भारनियमनाच्या काळात वीजगळती व वसुली यांनुसार वाहिन्यांचे गट पाडले गेले, तेव्हा शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून देयक वेळेवर भरणाऱ्या विधवेच्या घरातही अंधार झाला. दर अर्ध्या तासाची नोंद ठेवणारा मीटर वाहिनीनिहाय, रोहित्रनिहाय हिशेब मांडू शकतो. वीज नेमकी कोठे मुरते ते दाखवू शकतो. ‘घर बंद आढळले’ असा शेरा मारून पाठविलेले सरासरी देयक इतिहासजमा होऊ शकते. शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा सर्वांना देण्याची पद्धत थांबणार असेल, तर अशा मीटरचे स्वागत करण्यास कोणाची हरकत नसावी.

हरकत आहे ती हिशेब एकतर्फी राहण्याला. मीटर जी माहिती गोळा करतो, ती महावितरणच्या संगणकात जमा होते. ग्राहकाने ती भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये पाहावी, असे सांगितले जाते. ज्याच्याजवळ तसा भ्रमणध्वनी आहे, गावात संदेशवहनाची धड सोय आहे आणि जो ते आकडे वाचू शकतो, त्याच्यापुरते हे ठीक आहे. इतरांसाठी कागदावरची नोंद हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासणीचा हक्क हवा, आणि तो कायद्याने दिलेला आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केल्यास पाच दिवसांच्या आत दुसरा पडताळणी मीटर बसवून किमान तीन महिने तुलना करणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातमधील वडोदऱ्यात स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा सरकारला अखेर असे पडताळणी मीटर लावण्याचाच मार्ग पत्करावा लागला. तपासणीच्या निष्कर्षाविषयीही शंका असेल, तर तिऱ्हाईत संस्थेकडून मीटर तपासून घेण्याची तरतूद आहे. ५५ व्या कलमानुसार तर ग्राहक स्वतःचा मीटर विकत घेऊ शकतो. हे सारे किती ग्राहकांना ठाऊक आहे? तालुक्याच्या उपविभागीय कार्यालयात थकबाकीदारांच्या कारवाईचे फलक ठळकपणे दिसतात. पडताळणी मीटरच्या हक्काचा फलकही त्यांच्या शेजारी लागला पाहिजे.

पुरवठादाराविषयी ग्राहकांचे अभिप्राय, हा शब्दप्रयोग एकाधिकाराच्या ठिकाणी विनोदी वाटेल. तरीही असे अभिप्राय परिणामकारक ठरल्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये नियामक आयोग स्थापन झाला. तोवर वीज मंडळ आपली गळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवीत आले होते. बिनमीटरच्या कृषिपंपांचा अंदाजी वापर फुगवून उरलेली गळती तिच्यात झाकली जाई. २००० साली पहिल्या दर-सुनावण्या झाल्या. पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्यांनी आकडे तपासले, ग्राहक प्रतिनिधींनी प्रश्न विचारले आणि गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर असल्याचे मान्य करणे भाग पडले. कोणत्याही यंत्राने हे उघडकीस आणले नव्हते. सार्वजनिक सुनावणीत हाती कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी ते आणले. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारख्यांनी पुढे हीच परंपरा चालविली. अमरावतीतही आयोगाच्या सुनावण्या झालेल्या आहेत. तेथे यवतमाळ जिल्ह्याचा आवाज किती उमटतो, याचे आत्मपरीक्षण जिल्ह्यातील शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी करावयास हवे. वेतनश्रेणीच्या प्रश्नावर मोर्चे काढणाऱ्या या संघटनांना आपल्या सभासदांच्या खिशातून दरमहा जाणाऱ्या या रकमेचा अभ्यास जड जाऊ नये.

वैयक्तिक तक्रारीसाठीही पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम महावितरणचे तक्रार निवारण कक्ष, नंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि तेथे समाधान न झाल्यास नागपूर येथील विद्युत लोकपाल. वकील लावण्याची सक्ती नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी, ती सातत्याने देयकात दाखविली गेली नसेल तर, वसूल करता येत नाही, हेही ५६ व्या कलमातच आहे. परंतु या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: पुरावा काय? आणि नेमका तोच ग्राहकाजवळ नसतो. महिन्याच्या एक तारखेला मीटरवरील आकडा वहीत टिपून ठेवण्याची सवय शंभरांतील पाच घरांनाही नसावी. विज्ञान शाखेचा विद्यार्थी वॅट, तास आणि युनिट यांचे गणित परीक्षेपुरते सोडवितो, पण स्वतःच्या घरच्या देयकावर ते करून पाहत नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील महाविद्यालयांनी हा एवढा साधा प्रयोग हाती घेतला, जुन्या व नव्या मीटरांच्या नोंदी वर्षभर ठेवून त्या प्रसिद्ध केल्या, तर मीटर पळतो की दर पळतात, या वादाचा निकाल घोषणांवाचून लागेल.

या जिल्ह्याला विजेची किंमत इतरांनी सांगण्याची गरज नाही. वणीच्या परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. त्या कोळशाची धूळ तेथील माणसे श्वासाबरोबर घेतात आणि तो जाळून निघणारी वीज राज्यभर पोहोचते. उत्पादनाच्या झळा सोसणाऱ्या प्रदेशाला निदान वितरणात तरी सरळ हिशेब मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. मीटर बदलताना जुन्या मीटरचा अखेरचा आकडा ग्राहकाची सही घेऊन नोंदवावा व त्याची प्रत त्याला द्यावी. पडताळणी मीटर मागणाऱ्याला तो पाच दिवसांत मिळावा आणि किती मागण्या आल्या, किती मीटर सदोष निघाले, हे प्रत्येक उपविभागाने दर तिमाहीस जाहीर करावे. ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून कोणाचेही घर प्रीपेडवर नेले जाणार नाही, असा नियम आयोगाने करावा. आणि स्मार्ट मीटरांवरील खर्च व त्यांतून झालेली बचत दर-आदेशात स्वतंत्रपणे दाखविली जावी.

महावितरणला आपल्या मीटरांच्या अचूकतेची खात्री असेल, तर यांतील एकाही गोष्टीला तिची ना नसावी. ज्या दुकानाला स्पर्धक नाही, त्याने आपला तराजू गिऱ्हाइकाच्या हाती तपासणीसाठी देण्यात कमीपणा मानू नये. गिऱ्हाइकानेही तो तपासून पाहण्याचा आळस करू नये.